आधी बीळ, मग टाकी: पिस्तूल कोळंबी आणि गोबी एकत्र पाळताना

माझ्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यात, एका सपाट दगडाच्या कडेखाली, अंगठ्याएवढं रुंद भोक आहे. सकाळी दिवा लागल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं तिथे काहीच घडत नाही. मग आतून वाळू हलते, तोंड मोकळं होतं आणि गोबी या छोट्या माशाचं डोकं दिसतं. तो तसाच थांबतो, डोळे गरगर फिरवून चारी बाजू बघून घेतो आणि अर्धा बाहेर येऊन वाळूवर टेकतो. त्यानंतरच कोळंबी येते. दोन्ही नांग्या पुढे जुळवून ती वाळूचा ढीग ढकलत बाहेर आणते, बिळापासून बोटभर लांब नेऊन टाकते आणि परत फिरते. हे सगळं करताना तिची एक लांब मिशी माशाच्या अंगाला लागलेली असते. ढीग उचलताना, ओझं टाकताना, वळतानासुद्धा. कधी मिशी सुटलीच तर ती लगेच मागे सरकते आणि पुन्हा माशाला चाचपडते.

गोबी आणि पिस्तूल कोळंबी, म्हणजे हौशी मंडळी जिला पिस्टल श्रिम्प म्हणतात ती, यांची जोडी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत छान राहते. थोडा अनुभव असलेल्याला ती फार जडही जात नाही. पण आपल्यापैकी बरेच जण सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी दगड रचतात, प्रवाळ लावतात, प्रवाह जुळवतात आणि सगळं मनासारखं झालं की शेवटी ही जोडी आणून वाळूवर सोडतात. पुढच्या काही आठवड्यांत दगड कलतो, खालचे प्रवाळ वाळूत गाडले जातात आणि कोळंबी कुठे गेली ते कळत नाही. पहिल्या खेपेला माझंही नेमकं हेच झालं. या दोघांचं सगळं नातं बिळाभोवती उभं आहे. तेव्हा टाकीही बिळापासूनच मांडायला घ्यावी.

एकाचे डोळे, दुसरीचे हात

या कोळंबीची नजर अधू असते. ती खणण्यात पटाईत, पण दूरून येणारा शिकारी तिला दिसत नाही. गोबीची नजर तीक्ष्ण, पण उघड्या वाळूवर लपायला त्याला जागा नसते आणि तिच्यासारखं बीळ खणून राखणं त्याला जमत नाही. मग ती घर बांधते आणि तो राखण करतो. समुद्रात ही भागीदारी उष्ण कटिबंधातल्या उथळ, वाळूच्या तळावर आढळते. त्यातही हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंतच्या पट्ट्यात ती सर्वाधिक दिसते. शंभराहून अधिक जातींचे गोबी असं राहतात आणि कोळंबीच्या जाती त्यामानाने बऱ्याच कमी आहेत.

दोघांचं बोलणं चालतं ते त्या मिशीतून. इलान कार्प्लस या संशोधकाने लाल समुद्रातल्या जोड्यांवर १९७० च्या दशकापासून अनेक वर्षं काम केलं, आणि या खुणांबद्दल आपल्याला जे नेमकं माहीत आहे त्यातलं बरंचसं त्याच्या निरीक्षणांतून आलं. धोका दूर असेल तर मासा शेपटी पटकन थरथरवतो. ती थरथर मिशीतून कोळंबीला कळते आणि ती बिळात सरकते किंवा आतच थांबते. धोका अगदी अंगावर आला तर खुणा करत बसायला वेळच नसतो. मासा डोकं खाली घालून सूर मारतो आणि कोळंबी त्याच्या आधी किंवा त्याच्यासोबत आत गेलेली असते. गोबी दाराशी नसेल तर कोळंबी सहसा बाहेर येत नाही. टाकी पाळणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या शंका मिटतात. "कोळंबी दिसत नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा माशात असतं. तो घाबरलेला असतो, दुसरा एखादा मासा त्याला पिटाळत असतो किंवा तो अजून तिच्या बिळात राहायलाच गेलेला नसतो.

रात्री दोघंही आत असतात. बिळाचं तोंड वाळूने बुजतं. दुसऱ्या दिवशी भोक जागेवर नसलं तर घाबरू नका, ते चार बोटं पलीकडे उघडलेलं सापडेल.

तो आवाज

कोळंबी आणल्यानंतरच्या दुसऱ्या रात्री मला टाकीतून "टक्" असा आवाज आला. काचेला बारीक तडा जावा तसा. मी दिवा लावून, हातात कोरडा कागद घेऊन टाकीचे चारही सांधे पुसून पाहिले, खाली ओल आहे का ते चाचपलं. सगळं कोरडं. पाच मिनिटांनी पुन्हा "टक्". ज्यांनी ही कोळंबी पहिल्यांदा पाळली आहे त्यांच्यापैकी बहुतेकांनी अशी एक रात्र काढलेली असते.

तिच्या दोन नांग्या सारख्या नसतात. एक बारीक, चिमट्यासारखी, आणि दुसरी तिच्या अंगाच्या मानाने खूपच मोठी. मोठ्या नांगीच्या हलत्या बोटावर एक खुंटी असते आणि समोरच्या भागात त्या खुंटीच्या मापाची खाच. नांगी उघडी ताणून धरायची आणि झटक्यात मिटायची. खुंटी खाचेत शिरते तेव्हा तिथलं पाणी पिचकारीसारखं पुढे उडतं. मोजलेला वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. इतक्या वेगाने धावणाऱ्या पाण्यात दाब एकदम पडतो. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी लवकर उकळतं, तेच इथे टोकाला जातं: पाणी तापलेलं नसतानाही तिथे बुडबुडा फुगतो. भोवतालचा दाब परत येताच तो बुडबुडा आत कोसळतो. आपल्याला ऐकू येते ती टक् या कोसळण्याची.

पूर्वी समजूत अशी होती की नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटून आवाज होतो. २००० साली मिशेल वर्स्लाउस, बार्बरा श्मित्झ, डेटलेफ लोझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून दाखवलं की नांगी मिटते तेव्हा आवाज नसतो, तो त्यानंतर बुडबुडा कोसळताना होतो. पुढच्याच वर्षी त्याच गटाला त्या क्षणी प्रकाशाची एक अतिसूक्ष्म चमक सापडली, आपल्या डोळ्यांना न दिसणारी. त्यावरून बुडबुड्याच्या आतलं तापमान निदान ५००० केल्विन, म्हणजे सुमारे ४७०० अंश सेल्सिअस, असावं असा हिशोब निघाला. हे एका क्षणाच्या फार लहान अंशापुरतं आणि डोळ्याला जेमतेम दिसेल एवढ्या जागेत घडतं, त्यामुळे टाकीचं पाणी तापण्याचा प्रश्नच नाही. समुद्रात हजारो कोळंब्या एकदम टकटक करतात तेव्हा मात्र तळणीसारखा सतत तडतडाट होतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पाण्याखालचे आवाज ऐकणाऱ्यांना याच तडतडाटाने हैराण केलं होतं.

टाकीची काच ती फोडू शकत नाही. ही अफवा इतकी पसरली आहे की वेगळं सांगावं लागतं. त्या धक्क्याची ताकद नांगीच्या अगदी समोर, फार कमी अंतरावर असते. एखादा बारका झिंगा किंवा किडा त्याने सुन्न होतो, काचेला काही होत नाही. आणि घरच्या टाकीत ती नांगी मुख्यतः वाळू ढकलायलाच वापरली जाते.

वाळू आणि दगड

नुसती बारीक वाळू घातली तर बोगद्याचं छत धरत नाही, ते सारखं ढासळतं. नुसती जाड रेव घातली तर ती हलवता येत नाही. दोन्हींचं मिश्रण हवं: बहुतांश बारीक ते मध्यम अॅरागोनाइट वाळू (प्रवाळ-शिंपल्यांसारखी चुन्याची वाळू), आणि त्यात मुठीमुठीने प्रवाळाचे आणि शिंपल्यांचे तुकडे, तांदळाच्या दाण्यापासून नखाएवढे. कोळंबी हे तुकडे वेचून आणते आणि बोगद्याच्या भिंतीत, छताला आणि दारात बसवते. मी एकदा तिला शंखाचा एक चपटा तुकडा दाराशी आणताना पाहिलं. तो आडवा बसेना. तिने तो तीन वेळा बाहेर काढला, फिरवला, पुन्हा लावला, आणि चौथ्या वेळी तो बसल्यावर वरून बारीक वाळू दाबली. गोबी तेवढा वेळ जागचा हलला नाही. वाळूचा थर निदान ५ ते ७ सेंटिमीटर असू द्या. मोठ्या जातीला त्याहून जास्त असला तर उत्तम.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दगड वाळूवर ठेवायचे नाहीत. आधी दगड थेट तळाच्या काचेवर किंवा काचेवर उभ्या केलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवर नीट बसवायचे, ते हलत नाहीत याची हाताने खात्री करायची आणि मग भोवती वाळू ओतायची. कोळंबीला दगडाखालचं छत आवडतं, त्यामुळे ती नेमकी तिथेच पोखरते. माझ्या पहिल्या मांडणीत दगड वाळूवर होते. तीन आठवड्यांनी एका रात्री मधला दगड बसला, वरचा घसरला आणि प्रवाळाचं एक झुडूप मुळापासून तुटलं. कोळंबी तीन दिवसांनी दुसऱ्या बाजूने उगवली तेव्हा कुठे मला श्वास आला. दगडाखाली दबून मरणं हा या प्राण्यांचा खरा धोका आहे आणि तो पूर्णपणे आपल्या हातात आहे.

बीळ समोर दिसेल अशा ठिकाणी व्हावं असं वाटत असेल तर पुढच्या काचेजवळ एक सपाट दगड खालून थोडी फट ठेवून बसवा आणि फटीच्या तोंडाशी बोटाने एक खळगा करून द्या. बहुतेक वेळा ती हे आमंत्रण स्वीकारते. काही दिवसांनी स्वतःच्या मर्जीने मागे गेली तर मात्र जाऊ द्या. बीळ पाहण्यासाठी वाळू उकरणं किंवा दगड उचलणं मी तरी कधीच करणार नाही. पंप आणि पॉवरहेडचा (टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचा) झोत वाळूवर थेट येऊ देऊ नका, आणि तळाशी ठेवायचे प्रवाळ बिळापासून लांब किंवा उंच दगडावर ठेवा. ती टाकलेली वाळू कुठे पडते हे बघत नाही.

कोणाशी कोण

दुकानात "गोबी" नावाखाली जे मासे असतात ते सगळे कोळंबीसोबत राहत नाहीत. प्रवाळाच्या फांद्यांत बसणारे क्लाउन गोबी, इतर माशांचं अंग साफ करणारे निऑन गोबी, तोंडाने वाळू चाळणारा डायमंड गोबी यांना या भागीदारीशी देणंघेणं नाही. पाहिजेत ते वॉचमन किंवा श्रिम्प गोबी. पिवळा वॉचमन, म्हणजे क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस, काटक आहे, १० सेंटिमीटरच्या आसपास वाढतो आणि नवख्यासाठी मी त्याचंच नाव आधी घेईन. अँब्लिएलिओट्रिस गटातले पट्ट्यांचे आणि ठिपक्यांचे गोबी साधारण त्याच आकाराचे. स्टोनोगोबिऑप्स गटातला लाल-पांढरा याशा आणि पाठीवर लांब तुरा असलेला नेमाटोडीस हे लहान, ५-६ सेंटिमीटरचे आणि स्वभावाने भित्रे. त्यांना शांत टाकी लागते.

कोळंब्यांमध्ये दोन नावं पुन्हा पुन्हा भेटतात. अल्फियस बेल्युलस, जिला टायगर पिस्टल म्हणतात, ती मोठी, तपकिरी नक्षीची आणि प्रचंड खणणारी, आणि ती अनेक जातींच्या गोबींना सामावून घेते. अल्फियस रँडली लहान, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, तिचं खणणं त्यामानाने आटोपशीर. याशाबरोबर तिची जोडी निसर्गातही आढळते. एक ठोकताळा: मोठ्या गोबीला टायगर, छोट्याला रँडली. लाइव्ह रॉकमधून, म्हणजे जिवंत जीवांसह विकल्या जाणाऱ्या समुद्री दगडातून, चुकून घरी आलेली टकटक करणारी कोळंबी मात्र बहुधा गोबीसोबत राहणाऱ्या जातीची नसते. तिच्याकडून जोडीची अपेक्षा धरू नका.

छोट्या जोडीला ४० लिटरची टाकी चालते असं सांगतात. चालते, पण तेवढ्या पाण्यात एक चूकही लगेच महागात पडते. ७५ लिटर असेल तर मन निवांत राहतं, आणि पिवळा वॉचमन व टायगर यांना १०० च्या पुढे जागा द्यावी. झाकण किंवा बारीक जाळी सक्तीची. मला मासा देणाऱ्याने "हा तळाचा मासा आहे, उडी मारत नाही" असं सांगितलं होतं आणि मी ते मानलं. सहाव्या दिवशी सकाळी तो टाकीमागे जमिनीवर वाळलेला सापडला. घाबरलेला गोबी सरळ वर उसळतो. नव्या टाकीत तो पहिले काही आठवडे घाबरलेलाच असतो.

पाण्याचं थोडक्यात. टाकी पूर्ण पिकलेली हवी, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात नीट रुजलेले हवेत, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट कमी. विशिष्ट गुरुत्व (पाण्यातल्या मिठाचं माप) १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, आणि यातलं काहीही अचानक बदलू नये. कोळंबीला क्षारतेतला झटका माशापेक्षा कितीतरी जास्त लागतो, म्हणून तिला नव्या पाण्याची सवय थेंबाथेंबाने, तासभर घेऊन करावी. आणि तांबं असलेलं कुठलंही औषध या टाकीत घालू नये. माशांच्या आजारावरची अनेक औषधं तांब्याची असतात आणि त्यांची माशांना मानवणारी मात्रासुद्धा कोळंबीचा जीव घेते. मासा आजारी पडला तर त्याला वेगळ्या टाकीत काढून उपचार करावेत.

शेजारी निवडताना हॉकफिश, ट्रिगर, पफर, लायनफिश आणि मोठे रास (wrasse) या माशांना नाही म्हणा, त्यांच्यासाठी कोळंबी म्हणजे खाऊ. उलट बाजूने, बिळाच्या दारात आलेला छोटा झिंगा, खेकडा किंवा गोगलगाय तिच्या तडाख्यात सापडू शकते. एकाच जातीचे दोन गोबी जोडीचे नसतील तर भांडतात.

ओळख करून देताना

जोडी जमलेली मिळाली तर सर्वात सोपं: दोघांना एकत्रच, दिवे बंद करून, तयार केलेल्या फटीच्या तोंडाशी सोडा. वेगवेगळे आणले असतील तर मी कोळंबी आधी सोडते आणि तिला दोन-चार दिवस खणू देते. नंतर रुंद नळीतून गोबीला अलगद तिच्या दाराजवळ उतरवते. तो तिला मुख्यतः डोळ्यांनी शोधतो, ती त्याला वासाने ओळखते. कधी हे दहा मिनिटांत जमतं, कधी तीन आठवडे लागतात. गोबी टाकीच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिला तरी त्याला जाळीने हाकलत इकडे आणू नका. त्याने तो आणखी आत दडतो.

खाऊ घालताना लांब पिपेटने गोठवलेले मायसिस (झिंग्यासारखे बारीक जीव) वितळवून बिळाच्या तोंडासमोर हळूच सोडा. गोबी उसळी मारून वरचे टिपतो, खाली पडलेले कोळंबी ओढून आत नेते. तिला अधूनमधून बुडणारी एखादी गोळी द्यावी. ती बिळातली शेवाळं आणि गाळही खाते, आणि काही जातींवरच्या निरीक्षणांत गोबीने बिळात टाकलेली विष्ठा हासुद्धा तिच्या पोटापाण्याचा मोठा भाग असल्याचं दिसलं आहे. म्हणजे माशाला नीट खायला घातलं की तिलाही मिळतं.

एक दिवस बिळाबाहेर अख्खी कोळंबी निपचित पडलेली दिसेल. उचलण्याआधी नीट पाहा. ती पारदर्शक, पोकळ आणि डोक्यामागच्या सांध्याशी उघडलेली असेल तर ती टाकलेली कात आहे. खरी कोळंबी आत मऊ अंगाने लपलेली असते आणि कवच घट्ट होईपर्यंत काही दिवस बाहेर येत नाही. मेलेली कोळंबी अपारदर्शक, भरीव असते. काही जातींत तर मोठी नांगी तुटली तर पुढच्या काती टाकताना दुसऱ्या बाजूची बारीक नांगीच वाढून मोठी होते आणि तुटलेल्या जागी नवी बारीक नांगी येते. डावखुरी कोळंबी उजवी होते. हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच नोंदलं गेलं आहे.

जोडीतला एक आधी जातो तेव्हा दुसऱ्याचं काय, हे मला बरेच जण विचारतात. माझा दुसरा गोबी चार वर्षांनी गेला. कोळंबी बारा दिवस दिसली नाही, फक्त रात्री वाळू सरकायची आणि सकाळी दार पुन्हा बंद. मी तेवढे दिवस दार जिथे होतं तिथे संध्याकाळी एक गोळी ठेवत राहिले, सकाळी ती नसायची. तेराव्या दिवशी त्याच जातीचा लहान गोबी आणला आणि दिवे मालवून दाराशी उतरवला. तो रात्रभर दगडाच्या कडेला बसून होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वाळू आतून फुटली, आधी दोन मिशा बाहेर आल्या, हवेत चाचपडल्यासारख्या पाण्यात फिरल्या, आणि त्यातली एक त्याच्या शेपटीवर टेकली. तो हलला नाही. तिने वाळूचा पहिला ढीग बाहेर आणला.